पाच मिनिटं पुढे

बुधवार पेठेतल्या त्या दुकानातून मी आयुष्यात एकही घड्याळ विकत घेतलं नाही. वेळ मात्र नऊ वर्षं रोज फुकट घेतली. आयटी कंपनीची बस पकडायला जाताना दुकानाच्या दारावरचं मोठं घड्याळ बघायचं आणि मॉलमधून आणलेलं माझं मनगटी घड्याळ त्याच्याशी जुळवायचं, हा माझा शिरस्ता. दुकानाचे म्हातारे मालक तेव्हा स्टुलावर चढून त्याला किल्ली देत असायचे. माझ्याकडे चष्म्यावरून बघायचे, पण हसायचे नाहीत.

त्या घड्याळावर माझी इतकी श्रद्धा, की ऑफिसचं घड्याळ पाच मिनिटं मागे असल्याची मी लेखी तक्रारसुद्धा केली होती. टीममधल्या पोरांना वक्तशीरपणावर भाषणं द्यायचो, ती वेगळीच.

एका सकाळी मालक दुकान आवरताना दिसले. तिथे आता मोबाइलवाला येणार होता. दारावरच्या घड्याळात मला आज बसला रोजच्यापेक्षा पाच मिनिटं जास्त दिसली, म्हणून मी निवांत थांबलो आणि गहिवरून म्हणालो, "काका, आता आम्हाला बरोबर वेळ कोण सांगणार?"

"बरोबर?" ते म्हणाले. "अहो, हे पाच मिनिटं पुढे असायचं. पहिल्या वर्षी तुमची बस रोज चुकायची. बघवेना, म्हणून पुढे केलं. जन्मात चुकीची वेळ लावली, ती या एकाच घड्याळाला."

मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आज जाता जाता बरोबर केलंय," ते किल्ली खिशात टाकत म्हणाले. "पळा आता."

मी पळालो. बस गेली होती.