हस्कीचे दोन कोट

निताकत, म्हणजे सौदींनाच आधी नोकरी द्यायचा कायदा, लागू झाल्यावर रियाधमधल्या आमच्या सिक्युरिटी पोस्टवर सौदी गार्ड आले. कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, मला त्याच्या ताइफच्या शेतघरी पाठवलं. त्याआधी मी भारतीय लष्करात सतरा वर्षं, हुद्दा हवालदार. नवी ड्यूटी एका हस्की कुत्र्याची. नाव बर्क, म्हणजे वीज.

मी इथूनच दूरशिक्षणाने बी.ए. करतोय. कॉलेजचं पुस्तक उघडणारा आमच्या घरातला पहिलाच, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. डिक्शनरीत 'हस्की'चा अर्थ घोगरा निघाला. पण बर्क भुंकतच नसे, लांडग्यासारखा हेल काढी. पुढे वाचलं, की ते नाव 'एस्किमो' शब्दाचा अपभ्रंश असावं. कुत्रा मूळचा सायबेरियाचा. तिथल्या चुकची लोकांनी बर्फावरून स्लेज ओढायला ही जात वाढवली. उभे कान, तोंडावर पांढरा मुखवटा, पाठीवर वळणारी झुपकेदार शेपटी. बर्कचा एक डोळा निळा, दुसरा तपकिरी. बोट फिरवून पाहिलं, दोन्हींनी दिसतं.

जूनमध्ये एके दिवशी, १४१० अवर्सला, केनेलचा एसी बंद पडला. बर्क आडवा झाला, जीभ बाहेर. मी वॉकी-टॉकीवर मॅनेजर रफीकभाईंना कळवलं. ते श्रीवर्धनचे.

"हवालदार, मशीन पाठवतोय. केस उतरवा त्याचे."

"नाही भाई."

"नाही म्हणजे? कफीलचा हुकूम आहे. कुत्रा मेला तर तुम्ही एक्झिटवर, कायमचे घरी. खलास!"

"त्याला दोन कोट आहेत. आतला लोकरीसारखा, बाहेरचा राठ. थंडी अडवतात तसं ऊनही अडवतात."

"हे कॉलेजात शिकलात?"

"थोडं. बाकी पोस्टवर."

"बघा बुवा. ओव्हर."

बर्कला उचलून पंपहाऊसच्या ओल्या फरशीवर नेलं. पोटाला, पंजांना पाणी लावलं, पंखा लावला. १५०५ ला तो उठला, पाणी प्यायला. मग लांब हेल काढला.

"ऐकू आलं," वॉकी-टॉकीवर रफीकभाई. "यल्ला, चहाला या."

चहा पिताना त्यांनी विचारलं, पोस्टवर काय शिकलात? मी सांगितलं. बर्फातल्या पोस्टवर आम्हालाही दोन कोट असत. नाईक दत्ताराम गस्तीवरून घामाघूम आला आणि बाहेरचा कोट काढून बसला. म्हणाला, "दहाच मिनिटं, उस्ताद." मी सीनियर होतो. हसलो, हुकूम दिला नाही. वारा सुटला. त्याच्या अंगात थंडी भरली. हवामानामुळे हेलिकॉप्टर दोन दिवस येऊ शकलं नाही. तिसऱ्या दिवशी ते त्याचा मृतदेह न्यायला आलं, तेव्हा कोट मी त्याच्या अंगावर घातलेला होता.

रफीकभाईंनी केस कापायचं मशीन परत पेटीत ठेवलं.

बर्कला ब्रश करताना माझ्या तोंडून अजून चुकून निघतं, "कोट राहू दे, दत्ताराम."