ठिणगीनं बसवलेले दिवे

माझी धाकटी बहीण गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करते. तिच्या तोडीचा कारागीर अख्ख्या पंचक्रोशीत नाही. भाऊ आहे म्हणून सांगत नाही. भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं, फक्त इतक्या मोठ्यानं नाही. लहानपणी घरातली इस्त्री, पंखा, दारावरची बेल, काही म्हणजे काही तिनं उघडल्याशिवाय सोडलं नाही. म्हणून मी तिचं नाव ठेवलं ठिणगी. आता ते तिच्या दुकानाच्या पाटीवर आहे.

दुकान नवीन. बोनेटमध्ये डोकं घालून उभी असलेली बाई बघितली की गिऱ्हाईक पत्ता विचारल्यासारखं करायचं आणि पुढं सटकायचं. मी म्हटलं, घे माझी टॅक्सी. तिचे हॅलोजन दिवे इतके मिणमिणते, की खड्डा दिसायचा तो चाक आत गेल्यावर.

"एचआयडी टाक, ते पांढरे झगझगीत दिवे," मी म्हणालो. "स्टँडवर एकदा माझी गाडी दिसू दे, रांग लागते की नाही बघ."

"नुसता बल्ब बदलून भागत नाही, दादा. जुन्या दिव्यात हा उजेड सैरावैरा पळतो. आत भिंग बसवायला पाहिजे, आणि त्यासाठी दिव्याची काच काढायला पाहिजे. ती चिकटवलेली असते, गरम केल्याशिवाय सुटत नाही."

गरम कुठं करणार? आईच्या ओव्हनमध्ये! आई दुपारची झोप काढून स्वयंपाकघरात आली, तर ओव्हनमधून टॅक्सीचा दिवा तिच्याकडे टकामका बघतोय.

"अगं कार्टे, हे काय शिजतंय?"

"दादाचा दिवा."

"त्याला भाजायचं होतं तर लहानपणीच सांगायचंस! मी पण मदत केली असती."

काच अलगद सुटली. ठिणगीनं भिंग बसवलं, नवा बल्ब त्याच्या काचेला बोट न लावता आत सरकवला, दिव्याची काच परत चिकटवली, आणि बटण दाबलं. दिवे आधी निळसर झाले, मग दुधासारखे पांढरेशुभ्र. समोरच्या भिंतीवर उजेडाची रेघ पडली, पट्टी ठेवून मारल्यासारखी. तिनं स्क्रू फिरवून रेघ जागेवर आणली. मी अशी शिट्टी मारली की शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

दिवेलागणीला चार धिप्पाड माणसं आणि त्यांचं सामान घेऊन मी ऐटीत स्टँडवर शिरलो. बघतो तर सगळ्यांचे हात डोळ्यांवर!

"बंद कर ते!" अध्यक्ष ओरडले. हे कुठल्या निवडणुकीला उभे राहिलेले नाहीत, पण स्टँडवर शब्द त्यांचाच. "आंधळे करतोस का आम्हाला? बहिणीचं काम ना हे? उद्या परत बघणार. असंच असलं, तर या स्टँडवरची एक गाडी तिच्या दारात जाणार नाही."

मी तसाच दुकानात गेलो. दुसरी कोणी असती तर रडत बसली असती. ठिणगीनं एवढंच विचारलं, "गाडीत किती माणसं होती?"

"चार पैलवान. डिकीत बॅगा."

तिनं कपाळावर हात मारला. "मी रिकाम्या गाडीवर दिवे लावले रे! मागं वजन आलं की गाडीचं नाक वर होतं, उजेड सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. टॅक्सी कधी रिकामी फिरते का?"

"माझी तर कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं डिकीत जुन्या बॅटऱ्या भरल्या आणि घरच्यांना गाडीत कोंबलं. पुढं माझ्या शेजारी बाबा. मागं आई, मावशी आणि मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, जे एकटेच दीड माणसाची जागा घेतात.

"मावशी, हलू नकोस, रेघ नाचतेय!"

"मी कुठं हलतेय? तुझे काका श्वास घेतायत."

"काका, जरा कमी घ्या."

"गाडी जाणार कुठं आहे?" आईनं विचारलं.

"कुठंच नाही."

"मग मी केस कशाला विंचरले?"

संध्याकाळी सगळ्यांना तसंच घेऊन निघालो. ठिणगी आधीच स्टँडवर जाऊन अध्यक्षांच्या शेजारी उभी होती, नख चावत. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी बैलगाडीच्या चालीनं आत घेतली. उजेड अध्यक्षांच्या गुडघ्यांपर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्यांनी हात वर केला नाही. उलट मान पुढं काढून गाडीत बघितलं.

"पुढं तुझे बाबा बसलेत ना? चष्मा पुसतायत."

"दिसतंय तुम्हाला?" ठिणगीनं विचारलं.

"सगळं दिसतंय. माझी गाडी कधी आणू?"

"उद्या सकाळी. नेहमी बसणारी माणसं घेऊन या."

"सासूबाई पण?"

"नेहमी बसतात का?"

"उतरतच नाहीत."

"मग त्यांना आणाच."

सकाळी दुकानासमोर माणसांनी भरलेल्या टॅक्स्या उभ्या. मी एकेका खिडकीशी जाऊन सांगत होतो, ही माझी बहीण. सगळ्यांना माहीत होतं. तरी सांगत होतो.