सोमवारी येणारे गाईडसाहेब

"आता जरा इकडे लक्ष द्या," असं म्हणून ते उजवा हात पुढे करायचे. तळवा वर, बोटं जुळलेली. पहिल्यांदा शाळेतल्या माझ्या खोलीत आले तेव्हा त्या हाताच्या दिशेनं मी पाहिलं, तर तिथे त्यांचा मुलगा उभा होता.

"हा आमचा सिद्धांत. इयत्ता नववी. शांतपणा आईकडून आलेला आहे, हुशारी माझ्याकडून. मात्र गेले काही महिने हा शाळेत एक शब्दही बोलत नाही. आपल्याला काही शंका असल्यास विचारा."

मी सिद्धांतला बसायला सांगितलं आणि विचारलं, "डब्यात काय आणलंस आज?"

"मेथीची भाजी आणि भाकरी," वडील म्हणाले.

ते अजिंठ्याला गाईड होते. मूळचे फर्दापूरचे. मुलाच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड शहरात हलवलं आणि हर्सूलला दोन खोल्या घेतल्या, कारण अजिंठ्याकडे जाणारी बस तिथून पकडता येते. लेणी सोमवारी बंद असतात. त्या दिवशी देशोदेशीच्या पर्यटकांची गैरसोय होते हे मला माहीत होतं. पण लेणी बंद असली की गाईडसाहेब मोकळे असतात, आणि मोकळे असले की शाळेत येतात, हे मला नव्यानं कळलं. दर सोमवारी पहिला तास संपायच्या आत दारात आवाज यायचा, "जय भीम, मॅडम. येऊ का?" तोवर ते आत आलेले असत.

शाळेतला समुपदेशक नेमकं काय करतो, हे आमच्या शाळेलाही अजून नीटसं ठाऊक नाही. मला जी खोली मिळाली ती लेझीम आणि ढोल ठेवायची. शिपाईमामा पालकांना सांगतात, "त्या उपदेशवाल्या मॅडमकडं जा." मग पालक एकतर तोंड पाडून येतात, नाहीतर मूल दुरुस्तीला टाकल्यासारखं सोडून जातात आणि "न्यायला कधी येऊ?" विचारतात. असे पालक तुम्हीही पाहिले असतील, एखादा आरशातसुद्धा. गाईडसाहेब तसले नव्हते. ते मुलाला सोडून जात नसत. ते थांबायचे, आणि अडचण नेमकी तीच होती.

मी प्रश्न मुलाला विचारायची, उत्तर वडिलांकडून यायचं. झोप कशी लागते? "उत्तम, कुशीवर झोपतो." वर्गात मित्र कोण? "मित्र आहेत, पण त्यांचा दर्जा पाहावा लागेल." शेवटी मी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. ते गेले, आणि पुढचं उत्तर खिडकीतून आलं. सिद्धांत माझ्याकडे पाहून किंचित हसला. तेवढ्यावर मी तो सोमवार काढला.

हसण्यासारखंच सगळं होतं, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही विषयांच्या तोंडी परीक्षेत या मुलाला शून्य मिळालं होतं. मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावून सांगितलं होतं, की दिवाळीनंतरच्या तोंडीलाही हा गप्प राहिला तर दाखला काढून घ्या आणि अशा मुलांची शाळा बघा. 'अशा मुलांची' म्हणजे कशा मुलांची, हे विचारायची हिंमत त्या बोलक्या माणसाला झाली नाही. एकदा सिद्धांत वर्गात गेल्यावर ते दारातच रेंगाळले. शाळेत ते कायम बातम्या वाचल्यासारखं मराठी बोलायचे. त्या दिवशी आवाज उतरला आणि भाषाही.

"मॅडम, गावाकडं विचारतेत, पोरगं मुकं झालं का म्हणून. काय सांगू?"

मी म्हटलं, "घरी काय काय होतं ते मला सांगा. शाळेत काय होतं ते मी बघते. दोन्ही जोडल्याशिवाय कळायचं नाही."

घरी काय व्हायचं, ते त्यांनी अभिमानानं सांगितलं. रोज संध्याकाळी ते मुलाला दिवाणावर उभं करायचे आणि लेण्यांची माहिती मोठ्यानं म्हणायला लावायचे. तोंडातून 'नाय' गेलं की थांबवायचे आणि 'नाही' म्हणून घ्यायचे. 'लई' आलं की पुन्हा पहिल्यापासून. "चार चांगल्या लोकांत उभा राहायचा आहे तो. जीभ आत्ताच वळवली पाहिजे." मुलगा सुरुवातीला म्हणायचा. मग दिवाणावर नुसता उभा राहायला लागला. तरी वडील त्याच्या वाटचंही म्हणून टाकायचे.

"आणि तुमचे पर्यटक? त्यांना किती वेळ गप्प ठेवता?" मी जरा वैतागूनच विचारलं.

तर ते खुललेच. "मॅडम, उन्हातून आलेला माणूस आत पाय टाकतो न टाकतो, लगेच म्हणतो, काहीच दिसत नाही. मी म्हणतो, थांबा. दोन मिनिटं मीही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. डोळे सरावले की भिंतीवरचं चित्र आपोआप दिसायला लागतं. नवे गाईड चुकतात ते इथंच. अंधारात बडबड सुरू करतात."

"मग घरीही तसंच करा," मी म्हटलं. "त्याच्याजवळ बसा आणि दोन मिनिटं बोलू नका."

गाईडसाहेबांनी मान डोलावली आणि निघाले. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. समुपदेशकाला असा क्षण क्वचित मिळतो, आणि मिळाला की तो घरी जाऊन सांगावासा वाटतो. मीही नवऱ्याला सांगितला.

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. त्यांच्या पत्नी आल्या. त्यांनी पदर खोचलेला होता.

"तुम्ही ह्यांना काय सांगितलं वो, मॅडम? आठ दिस झाले, माणूस बोलंना. चहा पायजे तर हातानं दाखवतेत. सासूबाई म्हणत्यात लकवा मारला. मी म्हणलं, दवाखान्यात चला, तर मान हलवतेत."

मी दोन मिनिटं सांगितली होती, त्यांनी आठवडा धरला होता. जे करायचं ते घाऊक, असा तो माणूस. बरं, कामावर बोलतात का? तर तिथं दिवसभर बोलतात. फक्त घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. मी त्या ताईंची माफी मागितली, निरोप दिला की एवढं नको, आणि खुर्चीत डोकं धरून बसले. घरात आधी एक जण बोलत नव्हता, आता माझ्या कृपेनं दोघं बोलत नव्हते.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत दारात सावली पडली. सिद्धांत होता, एकटाच. बराच वेळ चौकटीला हात लावून उभा राहिला. मी हातातलं काम चालूच ठेवलं. वर पाहिलं असतं तर तो गेला असता.

"मॅडम, पप्पांना काय झालं?"

आवाज फुटलेला, घोगरा. वय वाढलं तसा तो आतल्या आत बदलला होता आणि शाळेत कुणी तो ऐकलाच नव्हता. अशा वेळी रडायचं नसतं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. कसं नाही रडायचं, ते शिकवत नाहीत.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"माझ्यामुळं का? मी बोलत नाय म्हणून तेबी..." तो थांबला आणि भरभर म्हणाला, "नाही. ते पण."

मी म्हटलं, "आधी म्हणालास तेच बरं होतं."

मग हळूहळू निघालं. शहरात आल्यावर नवीन वर्गात पहिल्यांदा धडा वाचायला उभा राहिला तेव्हा पोरं हसली. बाईंनी काही विचारलं आणि हा 'व्हय' म्हणाला, तेव्हा तर बाक वाजले. घरी सांगायला गेला, तर वडिलांनी त्याच रात्री दिवाणावर चढवलं. म्हणजे शाळेत पोरं हसणार आणि घरी पप्पा सुधारणार. त्याला सुरक्षित अशी एकच जागा उरली होती, बंद तोंड.

दुसऱ्या दिवशी गाईडसाहेबांना बोलावलं. लेणी चालू असतानाही आले. मुलाच्या परवानगीनं मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही हात पुढे केला नाही. ढोलांकडे पाहत म्हणाले, "मी तर त्याला घडवायला गेलो, मॅडम. मला साहेबलोक हसले होते ना, सुरुवातीला. त्याला कुणी हसू नये म्हणून."

"माहीत आहे," मी म्हटलं. खरं तर मला ते आत्ताच कळलं होतं.

आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. दिवाणावर उभं राहणं बंद. घरात घरची भाषा, चुका काढायच्या नाहीत. पप्पांनी बोलायचं, पण मुलाच्या वाटचं सोडून. मराठीच्या बाईंशी मी बोलले, आणि हिंदी-इंग्रजीचं त्यांनीच त्या शिक्षकांशी बोलून मिटवलं. त्यांनी वर्गाला चांगलं धारेवर धरलं, आणि सिद्धांतची तोंडी सगळ्यांसमोर न घेता माझ्या खोलीत घ्यायला तयार झाल्या. आधी काही दिवस तो रोज तिथं येऊन बाईंना दोन-चार ओळी वाचून दाखवायचा. कधी वाचायचा, कधी नुसता बसायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "एका मुलासाठी एवढं?" मी म्हटलं, "हो सर, एकाच मुलासाठी."

परीक्षेच्या दिवशी गाईडसाहेब फाटकाबाहेर मोटरसायकल लावून उभे होते. आत यायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. आत सिद्धांत अडखळला, दोनदा थांबला, घाम पुसला. बाईंनी विचारलं, "तुझ्या गावाबद्दल सांग." तो सांगायला लागला. त्यात 'लई' आलं, 'नाय' आलं, डोंगर आला, डोंगराखाली टोप्या विकणारी त्याची आत्या आली. बाईंनी गुण दिले. फार नाही, पण दाखला काढायची वेळ टळण्याइतके.

तेव्हापासून गाईडसाहेब माझ्याकडे आले नाहीत. आमच्या धंद्यात पालक येईनासे झाले की काम झालं असं समजायचं, आणि ते बरोबरही आहे. तरी सोमवारी पहिल्या तासाला मला उगीच दाराकडे बघायची सवय लागली. दाराबाहेर कुणी नसतं. ढोल मात्र असतात.

परीक्षेच्या त्या दिवशी मी खिडकीतून पाहत होते. पोरगं फाटकातून बाहेर पडलं. मला वाटलं, आता गाईडसाहेब विचारणार, कसं गेलं, काय विचारलं, तू काय म्हणालास. त्यांनी काही विचारलं नाही. नुसती गाडी चालू केली. सिद्धांत मागे बसला आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून काहीतरी सांगायला लागला. गाईडसाहेबांनी डोक्यावर चढवलेलं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं, चालू केलेली गाडी बंद केली आणि भर उन्हात, रहदारीत, मान जरा मागे वळवून तसेच ऐकत बसले.