बाकावर बसवून ठेवलेलं मत

ती निवडणूक आठवली की आजही माझी मान खाली जाते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात सरपंचपदासाठी सरळ लढत होती: एकीकडे खुर्चीवरचे सरपंच, दुसरीकडे गावातल्या टेलरची बायको. मतदानाच्या सकाळी फोन आला, टेलरनं लाठ्या जमवल्यात, बूथवर राडा होणार. त्याचं नाव आमच्या उपद्रवींच्या यादीत होतंच. कधीकाळी पाण्यासाठी त्यानं रस्ता अडवला होता, आणि आम्ही दर निवडणुकीला जुनीच यादी उतरवून काढायचो. खात्री न करता मी त्याला प्रतिबंधक कारवाईखाली उचलून आणलं.

घरझडतीत साधी काठीही मिळाली नाही. तरी मी दरडावत राहिलो.

"लाठ्या कुठं लपवल्या, बोल."

"लाठ्या कायच्या, साहेब? बायको उभी हाये. मले मत देऊन येऊ द्या, मंग दिवसभर बसवा."

दुपारी हवालदारानं त्या फोनचा माग काढला. नंबर सरपंचांच्या पुतण्याचा निघाला. बोलावून घेतलं, तर पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, "नाव त तुमच्याच लिस्टीत हाये, साहेब. मी काय वेगळं सांगतलं?"

मतदान संपायला तीन तास होते. हवालदार म्हणाला, "जीपनं सोडून येऊ का त्याला?" पण सकाळी अख्ख्या गावासमोर उचललेला माणूस दुपारी त्याच जीपमधून परत न्यायचा, यात मला कमीपणा वाटला. "संध्याकाळी बघू," मी म्हणालो. टेलर बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

मोजणीत दोघांना सारखीच मतं पडली. चिठ्ठी काढली, तीत सरपंच पुन्हा निवडून आले. देवाची मर्जी म्हणत लोकांनी गुलाल उधळला. मी तिथंच बंदोबस्ताला उभा होतो. टेलरची बायको माझ्यासमोरून गेली.

पुतण्यावर खोट्या माहितीचा गुन्हा नोंदवला. माझ्या चुकीची नोंद स्टेशन डायरीत कुठंच नाही. खबर तपासायला मी पुढं शिकलो. पण त्या दुपारी चूक कळूनही मी मागं फिरलो नाही, याची लाज अजून जात नाही.

निवृत्तीनंतर बोरी अरबच्या बाजारात तो टेलर दिसला. मी नजर चुकवून निघालो होतो, त्यानंच हाक मारून नमस्कार केला. शिव्या खायची माझी तयारी होती. त्यानं एवढंच विचारलं, "साहेब, यंदा पुन्हा इलेक्शन हाये. लिस्टीतून माहं नाव काढलं होतं ना तुमी?"

मी काढलं नव्हतं.