आबांनी कच्चं ठरवलेलं टरबूज

लग्न होऊन परभणीला आले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत माझ्या वडिलांनी, आबांनी, माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. भांडण वगैरे काही नाही. आमच्याकडची रीतच तशी होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही. माझा पाळणा काही हलत नव्हता, त्यामुळे आबांचा नेम मोडत नव्हता. ते सोनपेठहून एसटीनं यायचे, ओसरीवर बसायचे, आईनं बांधून दिलेली भाकरी फडक्यातून सोडून खायचे आणि तहान लागली की सरळ उठून शेजारणीकडे तांब्याभर पाणी मागायचे. माझ्या घरात गारेगार भरलेला माठ, आणि माझा बाप शेजारच्या दारात उभा! शेजारीण पाणी देताना माझ्याकडे बघून हसायची. मला संताप यायचा. खरं सांगायचं तर संतापापेक्षा वाईट जास्त वाटायचं. आबा 'नको' म्हणाले की वाटायचं, मूल नाही हेच मला ऐकवतायत. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं हे मला कळायचं, पण कळून उपयोग नव्हता.

त्या वर्षी शिवरात्रीनंतर ते विहिरीवरच्या इंजिनाचा कसलासा भाग न्यायला आले. दुकानदारानं त्यांना संध्याकाळी या म्हणून सांगितलं. नवरा कचेरीत गेलेला. आबा टोपी गुडघ्यावर ठेवून ओसरीवर बसले. ऊन चटकायला लागलं होतं.

"आबा, घोटभर सरबत तरी घ्या."

"नको माय. रीत हाय."

झालं. मी पिशवी उचलली आणि गूळ संपल्याचं निमित्त करून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे निघाले. तणतणतच गेले.

दुकानासमोर बारदानावर टरबुजांचा ढीग लावलेला होता. हंगामातला पहिलाच माल, कुठून तरी लांबून आलेला. आमची गोदावरीच्या वाळूतली टरबुजं पिकायला अजून पंधरा-वीस दिवस होते. तो ढीग बघितला आणि माझा राग जरा बाजूला झाला. आबा जेवणाला नको म्हणतील, पाण्याला नको म्हणतील, पण टरबूज समोर ठेवल्यावर त्याला हात न लावता बसतील?

आबा म्हणजे टरबुजातला दर्दी माणूस. नदीचं पाणी ओसरलं की वाळूत आळी करून वेल लावायचे आणि पुढं दोन-तीन महिने तिथंच मुक्काम. लहानपणी मी त्यांच्या मागं वाळू तुडवत हिंडायचे. ते फळावर एक टिचकी मारायचे आणि सांगायचे, हे पिकलं, हे चार दिवसांनी, ह्याला आठ दिवस हात लावू नको. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं तोडणीच्या आधी त्यांना मुद्दाम बोलवून न्यायची. त्यांचा अंदाज चुकलेला मी एकदाही पाहिला नव्हता. माझा निम्म्या वेळा चुकायचा.

आता गूळ राहिला बाजूला, मी ढिगापाशी बसलेच. आमच्या वाळूत काम सोपं होतं. देठाजवळ वेलाची एक बारीक वळलेली तार असते, ती वाळली की फळ पिकलं. इथं देठ मुळापासून कापून टाकलेले. मग मी फळं उलटी करून पोटाचा डाग बघायला लागले. पांढरट डाग म्हणजे कच्चं, चांगला पिवळा हवा. पिवळ्या डागाची दोन फळं सापडली. दोन्ही हातात तोलून बघितली, जड होती. टिचकी मारली तर ऐकू काही येईना, कारण शेजारची पिठाची गिरणी धडधडत होती. शेवटी डोक्यावरचा पदर सावरला आणि टरबुजाला कानच लावला.

"बाई, काय बोलायलंय का ते?" दुकानदार म्हणाला. गिऱ्हाइकं हसली. "लय अवघड करायलाव. द्या इकडं, कापून दाखवतो. लाल न्हाई निघालं तर बेधडक वापस."

"कापायचं नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की त्यानं सुरी खाली ठेवली. कापलेलं टरबूज नेऊन आबांपुढं ठेवण्यात काय मतलब होता?

मोठ्या फळातून पिकल्याचा दबका, भरलेला आवाज आला. तेच घेतलं आणि काखेत मारून घरी आणलं. आबांच्या समोर ठेवलं.

त्यांनी आधी फळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात पुढं आला. पोटाचा डाग बघितला, एक टिचकी मारली. एकच.

"कच्चं हाय," आबा म्हणाले. "कुनी निवडलं?"

"मीच."

"फसलीस."

माझं डोकंच फिरलं. "फसले? तुमच्याच मागं फिरून शिकले न मी! डाग बघा, वजन बघा! कच्चं कसं हाय?"

"मग काप. आत्ता कळंल."

मी तरातरा आत जाऊन विळी घेऊन आले. पात्याला लावताच टरबूज तडतडत पुढं आपोआप उकललं. आत लालभडक, बिया काळ्याभोर. मी एक फोड कापून त्यांच्या नाकासमोर धरली.

"बघा! आता म्हणा कच्चं."

"रंगाचं काय सांगतीस," आबा म्हणाले, "चव बघाया लागंल." आणि त्यांनी फोड माझ्या हातातून घेऊन तोंडाला लावली.

मी विळीवर तशीच बसून राहिले. टरबूज पिकलंय म्हणाले असते तर संपलंच होतं. 'जावयाला दे संध्याकाळी' म्हणून बाजूला सारलं असतं आणि मला पुढं बोलायला जागाच उरली नसती. टरबूज आणताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि ज्या माणसाचा अंदाज जन्मात चुकला नाही, तो या टरबुजाला कच्चं म्हणत होता. मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही, आणि त्यांनीही बघितलं नाही असं दाखवलं.

फोड पार हिरव्या सालीपर्यंत संपली. रस कोपरापर्यंत ओघळला होता. आबांनी तो धोतराला पुसला.

"कच्चंच हाय," ते म्हणाले. "आनिक एक दे बघू."