सदाशिव पेठ ते शनिवार पेठ, जर्मनीमार्गे

श्रुतिकेत मला अकरा वाक्यं होती आणि त्यांतली तीन दुसऱ्याचं बोलणं तोडून म्हणायची होती. श्रुतिका म्हणजे फक्त ऐकायचं नाटक, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. आमची श्रुतिका एका सोसायटीच्या वार्षिक सभेवर होती. सेक्रेटरी ठराव वाचत असतो आणि मागच्या खुर्चीवर बसलेली एक भाडेकरू मुलगी त्याला मध्येच अडवते. सेक्रेटरीचं काम वर्गातल्या शनिवार पेठेतल्या मुलाकडे होतं. ठराव कसा वाचायचा हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. भाडेकरू मी होते. मला का घेतलं हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा विचार केला असता, अशी मला भीती होती.

दिग्दर्शन एक सीनियर ताई करत होती. ती मागच्या वर्षी पास होऊन पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली होती, पण संहिता तिची होती आणि बसवणार तर तीच, असं ठरलं होतं. म्हणून तालमी व्हॉइस चॅटवर. तिनं तिकडून एक रूम उघडली आणि लिंक ग्रुपवर टाकली. रोज संध्याकाळी सातला आम्ही आपापल्या जागेवरून इअरफोन लावून हजर व्हायचो. माझी जागा म्हणजे सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवरच्या खोलीतली खिडकीकडची कॉट.

पहिलं तोडायचं वाक्य असं होतं. सेक्रेटरी म्हणतो, "ठराव क्रमांक चार. सोसायटीच्या आवारात यापुढे कोणत्याही भाडेकरूस..." आणि 'भाडेकरूस' हा शब्द पुरा होताक्षणी मी म्हणायचं, "भाडेकरूला काय? भाडेकरू इथंच बसलीये."

मी रोज उशिरा यायचे. तो 'भाडेकरूस' म्हणायचा, मग एक पोकळी यायची आणि मग मी. त्याला पुढचं वाक्य लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे तो गप्प आणि मीही गप्प.

"मी तोवर चहा टाकून येऊ का?" तो म्हणाला. "म्हणजे सभेला चहा असतोच, वाया जाणार नाही."

ताई हसली नाही. ती म्हणाली, "तुझा आवाज चांगला आहे गं. पण तू त्याला बोलू देतेस. ही बाई बोलू देणारी नाहीये."

मला ते लगेच पटलं. आमच्या घरात वडीलमाणूस बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम कुणी सांगितलेला नाही, पण तो आहे. बारावीच्या पुढे शिकणारी घरातली मी पहिली. इथं वर्गातही सर बोलायचे थांबले की मी मनात वाक्य जुळवते, तोवर दुसरं कुणीतरी उत्तर देऊन टाकतं. त्यामुळे उशीर माझ्यातच आहे, यात मला शंका घ्यावीशी वाटली नाही. आईला फोनवर सांगितलं की मला नाटकात एका मोठ्या माणसाचं बोलणं तोडायचं आहे आणि ते जमत नाही. ती म्हणाली, "मंग पुरं बोलू दे न त्याले आधी. तोडाचं कायले?"

मी सराव केला. आंघोळीला पाणी तापेपर्यंत, मंडईतून भाजी आणताना, मेसच्या रांगेत, सगळीकडे मनातल्या मनात. शेवटी मला एक उपाय सापडला. 'भाडेकरूस' ऐकायची वाट बघायचीच नाही. 'कोणत्याही' संपलं की लगेच तोंड उघडायचं. दुसऱ्या दिवशी तालमीत तसं केलं आणि ताई म्हणाली, "अरे वा! आता कशी बरोबर आलीस!" तिन्ही जागी मी एकेक शब्द आधीचा धरला आणि तिन्ही जमल्या. पुढचा आठवडाभर मला कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, माझा एक दोष गेला.

मग कॉलेजातल्या एका रिकाम्या वर्गात समोरासमोरची पहिली तालीम झाली. रेकॉर्डिंगला सहा दिवस राहिले होते. तो फळ्याजवळ, मी तिसऱ्या बाकावर. 'कोणत्याही' संपलं आणि मी बोलले. त्याचा 'भाडेकरूस' माझ्या आवाजाखाली गेला.

तो थांबला. "मी अजून म्हटलं कुठे?"

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच झालं. माझी जीभ 'कोणत्याही'ला बांधली गेली होती.

"ही भाडेकरू आहे की ज्योतिषी? ठराव काय आहे ते हिला आधीच कळतंय," तो म्हणाला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. 'भाडेकरू' हा शब्द ऐकणाऱ्यापर्यंत गेला नाही तर ही मुलगी कशावर चिडली हेच कळणार नाही. ऐकायच्या नाटकात माणसाचा चेहराही दिसत नाही.

त्याच संध्याकाळी ताईनं मला वेगळा मेसेज केला. आवाजांच्या बाजूला, म्हणजे खुर्च्या सरकवणं, कपबशा, दार या कामाला एक माणूस हवाच आहे. माझं काम दुसऱ्या मुलीला देऊन बघावं का? 'वाईट वाटून घेऊ नकोस. रविवारच्या तालमीला ठरवू.' मी 'चालेल ताई' असं लिहिलं. मला अजिबात चालणार नव्हतं.

शेजारच्या कॉटवरची मुलगी कॉम्प्युटरला तिसऱ्या वर्षाला आहे. गेले पंधरा दिवस माझं 'भाडेकरूला काय' ऐकून ती कंटाळली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं सहानुभूती वगैरे दाखवली नाही. "फोनवर बरोबर आणि समोर लवकर? मग गडबड फोनमध्ये असेल ना. रूम कुणी उघडलीये?"

"ताईनं. जर्मनीतून."

"लिंक दे."

रूममध्ये तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. ती तिच्या फोनवरून आत आली, स्वतःचा माइक बंद केला, एका कानात इअरफोन घातला आणि दुसरा कान मोकळा ठेवला. "आता बोल काहीतरी. छोटं."

"काय बोलू?"

"एक म्हण."

मी 'एक' म्हटलं. ती हसायला लागली. "दोनदा आलीस. या कानात आलीस, मग बऱ्याच वेळानं त्या कानात."

मग तिनं मला ऐकवलं. ती कॉटवर, मी कॉटवर, मध्ये चार फुटांची वाट. तिच्या तोंडचं 'एक' मला सरळ ऐकू आलं, आणि ते संपल्यावर कानातल्या इअरफोनमध्ये पुन्हा तेच 'एक' आलं. ती म्हणाली, आवाज एका फोनमधून थेट दुसऱ्या फोनमध्ये जात नाही. मध्ये सर्व्हर असतो, त्याच्याकडे आधी जातो आणि तिथून सगळ्यांना वाटला जातो. रूम तिकडून उघडली म्हणून सर्व्हर तिकडचा मिळाला असणार. आमच्याकडे शेजारच्या गावाला जायचं तर आधी तालुक्याला जाऊन गाडी बदलावी लागते. हे मला लगेच कळलं. शनिवार पेठेतून निघालेला 'भाडेकरूस' जर्मनीला जाऊन सदाशिव पेठेत येत होता, आणि माझं उत्तर तसंच वळसा घालून परत. पायी गेलं तर पंधरा मिनिटांचं अंतर.

तिनं स्वतःच्या फोनवरून एक नवी रूम काढली, सेटिंगमध्ये सर्व्हरची जागा भारत निवडली. आता दोन 'एक' जवळजवळ एकावर एक पडले.

मला आनंद व्हायला हवा होता. पण हे ताईला कसं सांगायचं याचंच दडपण आलं. आपल्याला काम जमलं नाही की कारण सांगायचं नाही, असं मी शिकले होते. नाचता येईना अंगण वाकडं, असंच सगळे म्हणतील. मी मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी पाठवलाच नाही.

रविवारी सातला सगळे जमले. ताईनं सुरुवात केली. कुणाचं काम लहानमोठं नसतं, श्रुतिकेत आवाज हेच नेपथ्य असतं. ती बरंच छान बोलत होती आणि मला दिसत होतं की हे वाक्य संपलं की माझं काम जाणार. मी म्हणाले, "ताई, एक मिनिट."

ती बोलतच राहिली, कारण माझा आवाज तिच्यापर्यंत अजून पोचलाच नसणार. मग ती थांबली, मीही थांबले.

"हं, बोल."

"नाही, तुम्ही बोला."

"अगं बोल ना!"

मी सांगितलं. फार नीट नाही सांगितलं, सर्व्हरच्या जागी दोनदा 'सेंटर' म्हणाले. पण दोन कानांचा प्रयोग सांगितला आणि म्हटलं की एकदा सर्व्हरची जागा बदलून बघा. नाही जमलं तर मी कपबशा वाजवीन.

जरा शांतता झाली. ती नेहमीचीच होती की खरी, हे सांगता येत नाही. मग ताई म्हणाली, "हे मला माहीतच नव्हतं. कुठे असतं हे सेटिंग?" शेजारच्या कॉटवरून मला उत्तरं पुरवली जात होती, ती मी पुढे सांगत होते. आवाज क्षणभर तुटला आणि पुन्हा जोडला गेला.

"घ्या चौथा ठराव."

त्यानं वाचलं. मी मुद्दाम थांबून 'भाडेकरूस' पुरा ऐकला आणि मग बोलले. तरी उशीर झाला. पूर्वीइतका नाही, पण झाला.

"आता सर्व्हर कुठे आहे म्हणे?" तो म्हणाला. "तुझ्या डोक्यात?"

सगळे हसले. मीही हसले, कारण ते खरं होतं. उशिरातला एक तुकडा जर्मनीचा होता आणि एक माझा. इतके दिवस मला तो सगळाच माझा वाटत होता. आता उरलेला दिसत होता.

त्यावर उपाय त्यानंच काढला. "मी थांबणारच नाही. तू तोडेपर्यंत वाचत बसेन, मनचं." आणि त्यानं सुरू केलं. "कोणत्याही भाडेकरूस पाण्याच्या टाकीत डोकावण्यास, टाकीविषयी मत बाळगण्यास, तसेच टाकी या विषयावर काव्य करण्यास..." "भाडेकरूला काय?" मी ओरडले. तो 'तसेच गच्चीवर'पर्यंत पोचला होता. दुसऱ्या वेळी टाकीपर्यंत गेला. पाचव्या वेळी 'भाडेकरूस'वर मी होते.

एवढ्यात ताईचं "थांबा!" आलं. आम्ही तेव्हा पाचव्या ठरावात शिरलो होतो. आता सगळ्यांत लांब तीच होती. आमचं एकमेकांतलं अंतर तिला बरोबर ऐकू येत होतं, पण तिच्या सूचना आम्ही पुढे गेल्यावर पोचत होत्या. तिनं पुढचे दोन दिवस तशीच तालीम घेतली. तोंडानं अडवायचं सोडून ती चुका लिहून ठेवायची आणि प्रवेश संपल्यावर सांगायची. माझं काम काढण्याचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.

रेकॉर्डिंगला आम्ही दोघं एकाच माइकपुढे उभे होतो. स्टुडिओची वेळ ठरलेली होती, त्यात दोनच वेळा पूर्ण घेता आलं. पहिल्या वेळी मी तिसरी जागा चुकवली. दुसऱ्या वेळी दुसरी आणि तिसरी बरोबर आल्या. पहिल्या जागी मात्र मी किंचित मागे राहिले आणि ठरल्याप्रमाणे तो न थांबता वाचत राहिला. माझ्या 'भाडेकरूला'च्या खाली त्याचं 'पाण्याच्या टा' अगदी बारीक ऐकू येतं.

फाइल ऐकून ताईचा फोन आला. "ते खालचं काय आहे?"

"पाण्याची टाकी," मी म्हणाले. "मी उशिरा आले म्हणून तो पुढे गेला. काढता येईल का?"

"कशाला काढायचं? खऱ्या सभेत असंच होतं," ती म्हणाली. "दुसरा टेक ठेवतेय."