पस्तिसाच्या खाली पास

दवाखान्याच्या बाकड्यावर माणूस तासभर बसला की एक किस्सा घेऊनच उठतो. मी दोन वर्षं बसतोय. आमच्या म्हातारीला, म्हणजे बायकोला, कौसल्येला, अंडाशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या. आता दर तीन महिन्यांनी तिसगावहून नगरला तपासणी. रोग परत आलाय का, एवढंच बघायला. किस्से इतके साचलेत की पोटात ठेवले तर माझंच ऑपरेशन करावं लागंल.

*

तपासणीतल्या रक्ताचा पहिला रिपोर्ट आला. मी चौथी नापास, पण आकडा वाचता येतो. अकरा. शेजारी छापलेलं, पस्तीस. मी भिंतीला टेकून खालीच बसलो. पस्तिसाला पास, एवढं मला पक्कं ठाऊक.

बाकड्यावर केडगावच्या साळवेबाई होत्या. रिटायर मास्तरीण, आजार हाच. त्यांनी कागद बघितला. "भाऊ, उठा. ह्या परीक्षेत पस्तिसाच्या खालीच राहायचं असतं."

"आसं व्हय," मी म्हणालो. "मंग चौथीत मी लई हुशार हुतो."

*

केमोत केस गेले. परत आले ते काळेभोर आणि कुरळे. एका लग्नात हिची धाकटी जाऊ आडून आडून विचारायला लागली, "आक्का, तेल कंचं लावता?"

"तेल न्हाई गं, सलायनीतून घ्यावं लागतं. नंबर लावू का तुजा?"

*

ऑपरेशनच्या आधी हिनं चांगल्या साड्या वाटून टाकल्या. मागं भांडणं नकोत म्हणून. आता जगली, तर नेसायला काही नाही. हिच्या बहिणीकडं गेलो. बहीण नेमकी हिचीच हिरवी साडी नेसलेली. हिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"शेवंते, मी न्हाई मेले. साडी सोड."

"आगं, दिलेलं कुनी मागारी घेतं व्हय?"

"मी आले न्हवं मागारी? मंग साडीबी यील."

*

डॉक्टर तरणा, बोलायला गोड. मी दर वेळी विचारतो, "बरी झाली का?" तो दर वेळी म्हणतो, "सध्या काही दिसत नाही, बाबा."

"मलाबी चष्म्याबिगर काय दिसत न्हाई. हाय का न्हाई, त्ये सांगा."

"ते कुणालाच सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर हीच माझ्यावर तापली. "त्याच्यावर कशाला खेकसता? खोटं बोलत न्हाई त्यो."

*

परवा आकडा एकोणीस आला. पास, पण अकराचा एकोणीस. डॉक्टर म्हणाला, एवढं वरखाली होतं, तीन महिन्यांनी बघू.

एसटीतून तिसगावात उतरलो. दोघांच्याही मोबाईलचा रिचार्ज संपलेला, म्हणून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मावशी, कंचा मारू? अठ्ठावीस दिवसांचा, चौऱ्यांशीचा, का वर्षाचा?"

चौऱ्यांशी म्हणजे जवळजवळ पुढच्या तपासणीपर्यंत. मी मनात मोजलं आणि तोंडातून निघून गेलं, "चौऱ्यांशीचा मार."

हिनं माझ्याकडं बघितलं. मग दुकानदाराला म्हणाली,

"मला वर्साचा मार. आन ह्यांला अठ्ठावीसचा. ह्यांचं काय खरं न्हाई."